टॉर्गर ओस्बीची हिमवादळातली पायपीट

व्हर्लिन ओस्बीच्या खापरपणजोबांनी आयुष्यात काहीही केलं नव्हतं, आणि ही गोष्ट व्हर्लिनला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी अचानक खुपायला लागली.

तोवर त्याचं बरं चाललं होतं. मिनेसोटातल्या वॉल्डर गावात त्याचं घर होतं, मार्लिस नावाची बायको होती आणि काउंटीच्या रस्ते खात्यात नोकरी होती. कुणाला आपल्या घराची वाट सरकारी रस्त्याला जोडायची असली, की मधल्या चरात पाणी जायला एक नळा टाकावा लागतो. त्या नळ्याची परवानगी व्हर्लिन देत असे. काम साधं वाटतं, पण नळा नसला तर वसंतात बर्फ वितळल्यावर अर्धी वाट वाहत शेजाऱ्याच्या मक्यात जाऊन बसते. अर्थात जगाला याची किंमत नाही. नळ्यांवर आजवर कुणी पोवाडा रचलेला नाही.

घोळ झाला तो गुडघ्यामुळे. जानेवारीत टपालपेटीकडे जाताना व्हर्लिन घसरला, गुडघा भोपळ्याएवढा सुजला, आणि डॉक्टरांनी त्याला कोचावर जखडून ठेवलं. शेजारी मार्लिसने वाचनालयातून आणलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा ढीग होता. आधी त्याने त्यावर पाय ठेवला. मग टीव्ही बिघडल्यावर पायाखालची एक ओढून काढली. आणि मग काय विचारता! तलवारी, गलबतं, वेढे, विश्वासघात. दर दहा पानांनी कुणीतरी कुणासाठी तरी प्राण देत होतं. व्हर्लिनने आजवर कुणासाठी एक रजासुद्धा टाकली नव्हती.

"मार्लिस," तो एका सकाळी म्हणाला, "आपल्या आयुष्यात काहीच कसं घडलं नाही गं?"

"देवाची कृपा," मार्लिस म्हणाली आणि कपडे वाळवायला गेली.

पण त्याचं समाधान होईना. आपल्या आयुष्यात नाही घडलं तर निदान घराण्यात तरी काही घडलं असेल, म्हणून तो मागे मागे जात पोहोचला तो टॉर्गर ओस्बीपाशी. टॉर्गर म्हणजे नॉर्वेहून आलेला पहिला ओस्बी. त्याच्याबद्दल उपलब्ध माहिती अशी: चर्चच्या मागे त्याचा दगड आहे, त्यावर नाव आहे आणि दोन सालं आहेत. त्या दोन सालांच्या मध्ये तो काय करत होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हर्लिनच्या थोरल्या आत्याला विचारलं, तर ती बराच विचार करून म्हणाली, "बटाटे, बहुतेक."

बटाट्यांवर कादंबरी होत नाही. तेव्हा व्हर्लिनने कादंबरी स्वतःच लिहायची ठरवली आणि टॉर्गरला जे जे करायचं राहून गेलं होतं ते सगळं त्याच्याकडून करवून घेतलं. तिसऱ्या प्रकरणापर्यंत टॉर्गरने एक लांडगा मारला होता, बुडणारी नाव ओढून काठाला लावली होती आणि एका कप्तानाच्या विधवेच्या मनात खळबळ माजवली होती. मार्लिसने ते प्रकरण वाचून, "या विधवेला स्वयंपाक येतो का?" एवढंच विचारलं. व्हर्लिनला तो प्रश्न फारच घरगुती वाटला.

कादंबरीचा कळस म्हणजे हिमवादळाची रात्र. टॉर्गर वादळात सापडतो, कसाबसा शेजाऱ्याच्या झोपडीशी पोहोचतो, दार ठोठावतो, आणि शेजारी त्याच्या तोंडावर दार आपटतो. मग तो रक्ताळलेल्या पायांनी रात्रभर चालतो, वगैरे. आता दार आपटलं नाही तर माणूस चालणार कसा? तेव्हा एक काळ्या मनाचा शेजारी हवा होता. टॉर्गरच्या शेताला लागून त्या काळी शेत होतं निल्स नायगार्डचं. व्हर्लिनने शहाणपणा करून त्याचं आडनाव बदललं, पण चेहरा रंगवायची वेळ आली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर सारखा एकच चेहरा यायला लागला. मोठे, बाहेर आलेले, उन्हात लाल दिसणारे कान. हे कान अख्ख्या काउंटीत एकाच घराण्यात आहेत, आणि त्या घराण्याचा हयात वारस गॉर्डी नायगार्ड व्हर्लिनच्या शेजारच्या घरात राहतो.

गॉर्डी म्हणजे कसला शेजारी! बायको गेल्यापासून एकटाच असतो. बर्फ पडला की पहाटे स्वतःची वाट साफ करायच्या आधी व्हर्लिनची करतो. व्हर्लिनचा गुडघा गेला तेव्हा टपाल तोच आणून देत होता. आणि व्हर्लिनने त्याचे कान खलनायकाला लावले. वाईट हेतूने नव्हे. लेखक जवळच्या माणसांवरूनच लिहितो, आणि गॉर्डी फारच जवळ राहत होता.

हे सगळं कागदावरच राहिलं असतं, पण चर्चला दीडशे वर्षं पूर्ण होत होती. उत्सव समितीच्या प्रमुख होत्या लवॉन टॉलफसन. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज शाळामास्तरणीचा. व्हर्लिन लहान असताना त्याला बायबल यांनीच शिकवलं होतं आणि अजूनही त्या त्याच्याकडे तो काहीतरी चघळत असल्यासारखं बघतात. रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात कॉफी चालू असताना त्यांनी त्याला गाठलं.

"व्हर्लिन, मार्लिस म्हणत होती तू गावाचा इतिहास लिहितोयस. उत्सवाला आपण त्याचं नाटक करू."

"छे छे, ते काही विशेष नाही," व्हर्लिन म्हणाला.

"करू या की."

"नको हो, उगीच कशाला."

"खरंच सांगते, करू या."

"बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर," व्हर्लिन म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याला कळलं की आपल्याला खरोखर नको होतं. पण वॉल्डरची रीतच तशी. कुणी काही दिलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्यांदाच हो म्हणणारा हावरट, आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणणारा गर्विष्ठ. या रीतीपायी गावातल्या माणसांनी नको असलेली कुत्री पाळली आहेत आणि नको असलेल्या सोयरिकी केल्या आहेत.

पुढच्या बैठकीत लवॉनबाईंनी हिमवादळाचं प्रकरण खड्या आवाजात वाचून दाखवलं. गॉर्डी समितीवर होता. खुर्च्या मांडायचं काम त्याच्याकडे होतं. कानांचं वर्णन आलं तेव्हा समितीतल्या सगळ्यांनी आपापल्या कपात पाहिलं. वाचन संपलं.

"वेगळंच आहे हं," गॉर्डी म्हणाला आणि उठून खुर्च्या आवरायला लागला.

वॉल्डरमध्ये याहून कडक शब्द माणसं सहसा वापरत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून गॉर्डीचा राग सुरू झाला. आता दुसऱ्या गावात माणूस रागावला तर बोलणं तोडतो, कुंपण घालतो, निदान शिवी तरी देतो. गॉर्डी विलक्षण सभ्य वागायला लागला. मार्चमधला शेवटचा बर्फ पडला, तेव्हा त्याने व्हर्लिनची वाट तर साफ केलीच, वर टपालपेटीभोवती खोऱ्याने चौकोन काढून दिला. मग त्याने व्हर्लिनची शिडी परत आणली. ती शिडी त्याच्याकडे इतकी वर्षं होती की ती मुळात आपली आहे हे व्हर्लिन विसरला होता. गाडीतून जाताना तो एरवी स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा. आता अख्खा हात हलवायला लागला. जणू काही ओळखच नाही!

"अगं, तो भयंकर चिडलाय," व्हर्लिन खिडकीतून बघत म्हणाला. "बर्फ वितळावा म्हणून आपल्या पायऱ्यांवर मीठ टाकतोय."

"मग जाऊन सांग ना, चुकलं म्हणून."

"असं एकदम? तोंडावर? त्याला किती अवघडल्यासारखं होईल!"

मार्लिसने त्याऐवजी रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून आपल्या नावाची पट्टी लावलेल्या ताटलीतून गॉर्डीकडे पाठवल्या. भांडं रिकामं परत करायचं नाही, तेव्हा गॉर्डीने ताटली घासूनपुसून, त्यात लिंबाच्या वड्या भरून परत पाठवली. त्याला वड्या येत नव्हत्या. रागाच्या भरात शिकला असणार. मार्लिसने खजुराच्या पाठवल्या. त्याच्याकडून भोपळ्याच्या आल्या. व्हर्लिनचं वजन वाढलं आणि अंतर तसूभरही कमी झालं नाही. रात्री त्याला फार वाईट वाटायचं. गॉर्डीशिवाय त्याला दुसरा मित्र नव्हता, हे मोजून पाहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती.

इकडे नाटक वाढत चाललं होतं. लवॉनबाईंना खऱ्या ओंडक्यांची झोपडी हवी होती, तीही चर्चच्या मोकळ्या जागेत. ओंडके आणणारा ट्रक तिथे जायचा तर चर ओलांडायला हवा, चर ओलांडायचा तर नळा हवा, आणि नळा म्हटला की परवानगी. समितीच्या वतीने अर्ज व्हर्लिनने भरला आणि सोमवारी कचेरीत तोच त्याच्या टेबलावर आला. त्याने तो बारकाईने तपासला. नकाशावर उत्तर दिशेचा बाण नव्हता. असल्या अर्जांना त्याने उभ्या कारकिर्दीत कधी दयामाया दाखवली नव्हती. जड मनाने त्याने स्वतःचा अर्ज फेटाळला.

बाण काढून अर्ज पुन्हा आला, तर साहेब म्हणाले, "स्वतःच्या अर्जावर स्वतः सही कशी करशील? नियमात बसत नाही." म्हणून अर्ज पलीकडच्या काउंटीला गेला. त्यांनी तो आपल्या हद्दीतला नाही म्हणून परत पाठवला. शेवटी साहेबांनीच सही केली, पण नळ्याचं माप वाढवायला सांगितलं. झोपडीपेक्षा नळा जास्त टिकाऊ झाला. तो अजून आहे, आणि त्यावरून अजून कुठेही जाता येत नाही.

लांडग्याच्या कामासाठी चर्चच्या पास्टरबाईंचा बिस्किट नावाचा लॅब्राडॉर कुत्रा ठरला. तालमीत तो ज्याच्यावर झेप घ्यायची त्याच्या मांडीवर चढून बसायचा. टॉर्गरच्या कामासाठी हॉकी खेळणारा एक देखणा तरुण होता, त्याला ऐन वेळी कॅनडात नोकरी लागली. "ओस्बीचं काम ओस्बीनेच करावं," असं लवॉनबाईंनी तीनदा सुचवलं, आणि व्हर्लिनच्या तोंडाने सवयीप्रमाणे करायचं ते केलं.

राहिला बर्फ. उत्सव जूनमध्ये. कापूस नको, कागद नको, लवॉनबाईंना बर्फच हवा. शेजारच्या शहरातल्या स्केटिंगच्या बंदिस्त, गोठवलेल्या मैदानावर रोज बर्फ खरवडून मागे टाकतात, तो ट्रकभर मिळणार होता. पण तो वादळासारखा उडवायचा म्हणजे बर्फ फेकणारं दमदार यंत्र हवं, आणि तसं यंत्र गावात एकट्या गॉर्डीकडे होतं.

व्हर्लिन मनाचा हिय्या करून गेला. गॉर्डी गॅरेजमध्ये काहीतरी पुसत होता. दोघे पावसाबद्दल बोलले. मग मक्याबद्दल बोलले. मग तळ्यात यंदा मासे कसे लागताहेत याबद्दल बोलले.

"ते यंत्र," व्हर्लिन शेवटी म्हणाला, "तुझ्या काही कामात नसलं तर..."

"घेऊन जा की. तेलपाणी करून ठेवतो."

"तुला त्रास नको."

"त्रास कसला." गॉर्डीने फडकं नीट घडी घालून ठेवलं. "तो दार आपटणारा शेजारी कोण करतंय?"

"अजून कुणी नाही."

"मग मीच करतो. कान तरी वेगळे लावावे लागणार नाहीत."

एवढं बोलून तो पुन्हा पुसायला लागला. व्हर्लिनच्या ओठांवर शब्द आले होते. पण गॉर्डीने विचारलं, "थोड्या वड्या नेतोस का?" आणि तो नको नको म्हणत डबा घेऊन घरी आला. आल्यावर कोचावर बसून तो मार्लिसला म्हणाला, "मी नालायक आहे." मार्लिसने ते खोडून काढलं नाही.

उत्सवाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. सगळं गाव खुर्च्या टाकून बसलेलं, पुढच्या रांगेत खास बोलावलेले बिशप. गॉर्डी झोपडीत खलनायक म्हणून बसलेला असल्यामुळे यंत्र चालवायला कुणी नव्हतं, तेव्हा ते लवॉनबाईंनी हाती घेतलं. "मी बासष्ट सालचं वादळ पाहिलंय," असं म्हणून त्यांनी दांडा ओढला. यंत्राचं तोंड कुठे वळलंय हे त्यांनी पाहिलं नव्हतं. पहिला झोत बिशपांच्या मांडीत गेला, दुसरा गायकवृंदावर. बिशप सभ्य माणूस, ते म्हणाले, "किती गार वाटलं!" तिसरा झोत मात्र बरोबर व्हर्लिनच्या तोंडावर बसला.

लोकरीचा कोट, खोटी दाढी, खरा बर्फ, वर भाजणारं ऊन आणि दुखरा गुडघा. कुठल्याही नटाला न साधलेला अभिनय व्हर्लिनला त्या घडीला आपोआप साधला. तो खरंच लंगडत होता, खरंच धापा टाकत होता. बिस्किट शेपूट हलवत त्याच्या मागोमाग येत होता. झोपडीशी पोहोचून त्याने दार ठोठावलं.

दार उघडलं. गॉर्डी समोर उभा. त्याचं वाक्य होतं, "तुझ्यासारख्याला इथे जागा नाही, चालता हो!" आणि मग धाडकन दार.

गॉर्डीने त्याच्याकडे पाहिलं. दाढीतून ओघळणारा बर्फ पाहिला. वाकडा झालेला गुडघा पाहिला. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. दाराला घातलेला हात तसाच राहिला.

"लाव ना," व्हर्लिन कुजबुजला. "गॉर्डी, दार लाव."

"अशा माणसाच्या तोंडावर?" गॉर्डीही कुजबुजला. "नाही रे जमत."

"मला अजून नदी ओलांडायचीय! विधवा थांबलीय!"

"थांबू दे," गॉर्डी म्हणाला, आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे, बाहेर काय उभा आहेस? आत ये. कॉफी ठेवलीय."

यावर टॉर्गर ओस्बीने काय बोलावं हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. व्हर्लिनच्या तोंडून जे आलं ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयीने आलं.

"नको नको. मी निघालोच होतो."

खुर्च्यांमधून हशा उसळला.

"अर्धा कप तरी घे."

"तुला उगाच त्रास."

"त्रास कसला. ये तर खरं."

"बरं, तू एवढं म्हणतोच आहेस तर," टॉर्गर म्हणाला आणि आत गेला. त्याच्यामागून लांडगाही गेला आणि चुलीपाशी आडवा झाला.

कॉफी कुठे होती? पण मंडळी तयारीची. तिसऱ्या रांगेतून कुणीतरी थर्मास पुढे दिला, कुणीतरी वड्या दिल्या. दोघे ओंडक्यावर बसले. हवेबद्दल बोलले. बटाट्यांबद्दल बोलले. मग टॉर्गरने गुडघ्यावर थाप मारून, "चला, निघायला हवं," म्हटलं, आणि दोघे दारात जाऊन पुन्हा बोलत उभे राहिले. हे पाहून तर लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. प्रत्येकाने आपला बाप अशाच दारात तासन्‌तास उभा राहिलेला पाहिला होता. कप्तानाची विधवा भाड्याच्या झग्यात पडद्यामागे घामाघूम होत होती. तिला प्रवेश मिळालाच नाही. टाळ्या मात्र अशा पडल्या की बिस्किट उठून भुंकायला लागला. दिवसभरातलं त्याचं लांडग्याचं काम काय ते तेवढंच.

नंतर माणसं जेवायला गेली आणि झोपडीमागे दोघेच उरले. व्हर्लिन दाढी उतरवत होता.

"नाटक बिघडवलं मी तुझं," गॉर्डी म्हणाला.

"हो."

गॉर्डीने बुटाने बर्फाचं एक ढेकूळ फोडलं. "मला लागलं होतं ते, व्हर्लिन. फार लागलं."

वॉल्डरमध्ये असं कुणी सरळ बोलत नाही. व्हर्लिनला पळून जावंसं वाटलं. पण गुडघ्याने पळता येत नव्हतं, तेव्हा तो थांबला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "चुकलं माझं. मला तेव्हाच यायला हवं होतं. तुझ्याशिवाय मला आहे कोण, गॉर्डी?"

गॉर्डीचे कान लालबुंद झाले.

"आमचा निल्स कसा होता मला नाही ठाऊक," तो म्हणाला. "पण दार आपटणारा नसणार. आमच्यात ते कुणालाच येत नाही. तुलाही येत नाही. एवढी मोठी कादंबरी लिहिलीस, एकदा तरी कुणाच्या तोंडावर दार लावून बघितलंयस का?"

व्हर्लिनला एकाएकी सगळं लख्ख दिसलं. टॉर्गरबद्दल कुणाला काही ठाऊक का नाही, याचं कारण हेच असणार. वादळ आलं असेल, त्याने दार ठोठावलं असेल, आणि ते उघडलं असेल. मग त्याचा पोवाडा कुणी कशाला रचतोय? व्हर्लिनला इतकं बरं वाटलं, की तो उठून सरळ जेवायच्या रांगेत गेला आणि वाढणाऱ्याला पहिल्यांदाच हो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात त्याने कादंबरी नव्याने लिहिली. नाव बुडत नाही. लांडगा लांबून जातो. कप्तानाच्या विधवेला उत्तम स्वयंपाक येतो. वादळाच्या रात्री दोन शेजारी चुलीपाशी बसून राहतात, आणि सकाळी एकजण घरी जातो. तयार झाल्यावर सगळ्यांत आधी ती त्याने गॉर्डीला दिली. गॉर्डीने उभ्या जन्मात ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकांपलीकडे काही वाचलं नव्हतं. ही त्याने शेवटपर्यंत वाचली आणि कागदांचा गठ्ठा काखेत घेऊन तो एका सकाळी व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"संपली?" त्याने विचारलं. "का पुढे आहे अजून?"

"संपली."

"म्हणजे पुढे त्या दोघांचं काय होतं?"

"काही नाही होत. म्हातारे होतात. मग केव्हातरी आपण जन्माला येतो."

गॉर्डीने यावर विचार केला. बाहेर बर्फ पडत होता आणि गॉर्डीने दोन्ही घरांच्या वाटा कधीच साफ करून टाकल्या होत्या.

"वाईट नाही," तो म्हणाला आणि गठ्ठा परत न देता आपल्या मांडीवर ठेवून घेतला.